येळेबाईंची मूळ प्रत

येळेबाईंना काहीही सांगितलं की त्या ते परत सांगायला लावत. "उद्या दुपारी लाईन नाही," असं वीज जाण्याबद्दल साधं बोललं तरी हातातलं काम थांबवून, मान जरा तिरकी करून विचारत, "परत सांगा. काय नाही?" आपण परत सांगितलं की तेच वाक्य स्वतः म्हणून दाखवत आणि शेवटी विचारत, "बरोबर?" आपण हो म्हणेपर्यंत बोलणं पुढे सरकत नसे. गोंदियाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांची सारी नोकरी ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. तिथली ती सवय. "एक आकडा चुकला की मयतीचा निरोप लग्नघरी जाते," असं त्या म्हणत. ऐकणारा हसला तरी त्या हसत नसत.

मी तेव्हा आमच्या खैरटोल्याचा पोलीस पाटील होतो. केशोरीपासून सात-आठ किलोमीटरवरचं गाव. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या आणि चौथ्या बाजूला जंगल. नक्षल्यांच्या भीतीमुळे त्या वर्षांत जंगलाकाठच्या गावांत नवीन माणूस मुक्कामाला आला की त्याची नोंद करून चौकीला कळवायचं, असा आम्हाला सांगावा होता. दोन हजार एक साली येळेबाई त्यांच्या वारलेल्या भावाच्या रिकाम्या घरात राहायला आल्या. एकट्या. सोबत टेम्पोत चार लाकडी पेट्या. मी रजिस्टर घेऊन दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "पोलीस पाटील आहो. नाव सांगा."

"तुमी पोलीस पाटील कशावरून?"

"गावाले विचारा ना, बाई."

"गावाले विचारीनच. पहिले तुमचा कागद दाखवा."

मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. घरी गेलो, आईच्या लोखंडी पेटीतून नेमणुकीचा आदेश काढून आणला. त्यांनी तो उभ्या-उभ्या शेवटच्या सहीपर्यंत वाचला. "तेजराम हरिचंद पटले. बरोबर?" मी हो म्हणालो. "मंग लिहा. विमला येळे."

पेट्यांत काय आहे, असं विचारल्यावर त्यांनी एक उघडून दाखवली. आत जाड पाटीएवढा काळा डबा, त्यावर टाईपरायटरसारखी बटणं, मागे वायर. "काँप्युटर," बाई म्हणाल्या. रायपूरकडच्या कुठल्याशा शाळेनं जुने झाले म्हणून काढून टाकलेले, गोंदियाच्या भंगारवाल्याकडून त्यांनी चार उचलले होते. मी काँप्युटर अर्जुनीच्या बँकेत पाहिला होता. त्याला स्वतःचा पडदा असतो, हे मला ठाऊक होतं.

"याचा पडदा कुठे हाय?"

"टीव्हीले जोडते. तुमच्या गावात टीव्ही कमी आहेत का?"

रजिस्टरमध्ये मी लिहिलं: 'सामान – काँप्युटर, असे म्हणते.' ते 'असे म्हणते' मी मुद्दाम घातलं. आज खोटं सांगत नाही. त्या कागदाच्या प्रकरणाचा राग त्या दोन शब्दांत होता. माझ्या संशयाची सुरुवात अशी माझ्याच अपमानातून झाली, आणि पुढे मी त्याला कर्तव्य म्हणू लागलो.

मग संशयाला खाद्य मिळत गेलं. बाईंच्या घरी दुपारी बाया जाऊ लागल्या. शाळा सुटली की पोरीही जात. सगळे आत गेले की खिडक्या बंद व्हायच्या. दार लोटलेलं. मग आतून एक आवाज यायचा, तो अजून माझ्या कानात आहे. पत्र्याच्या डब्यात रातकिडे कोंबून कोणी तो हलवत बसावं तशी किर्रकिर्र. दोन मिनिटं, चार मिनिटं. मग एकदम शांत, आणि आतल्या बाया हसायच्या.

एकदा गल्लीत वहीचं पान उडत आलं. त्यावर चौकटी आखलेल्या, काही काळ्या केलेल्या, आणि बाजूला आकडे: १२६, १८, १८, ११४. खाली काही नाही. मी ते पान घडी करून खिशात ठेवलं. चार दिवस दर वेळी काढून पाहत होतो. आकडे कोणाला कळवायचे असतील? किती माणसं? कुठल्या वाटेनं? मी आईलाही विचारलं, "त्या फोनवाल्या बाईकडे काय चालते, माय?" आई विळ्यावर चिंचा फोडत होती. म्हणाली, "मले कायले मालूम? मी तं शेवंताकडे जातो दुपारी, चिंचा फोडाले." माझा साऱ्या गावावर संशय होता. आईवर नव्हता.

चौकीच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. ते कामात होते. म्हणाले, "पाटील, नुसता संशय घेऊन येऊ नका. काही असेल तर वस्तू दाखवा." त्यांनी ते मला वाटेला लावायला म्हटलं, हे आज कळतं. मला तेव्हा तो हुकूम वाटला.

दुसऱ्या दिवशी बाई बोअरिंगवर पाण्याला गेल्या असताना मी त्यांच्या घरात शिरलो. टीव्हीवर टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्याशेजारी एक कॅसेट, वेगळ्या रुमालावर ठेवलेली. ती मी उचलली. याला चोरी म्हणतात. हा शब्द लिहायला मला फार वर्षं लागली.

घरी येऊन दार लावलं आणि माझ्या टेपवर ती लावली. तीच किर्रकिर्र. गाणं नाही, भाषण नाही, माणसाचा शब्द नाही. हा वायरलेसचाच प्रकार, याबद्दल शंका उरली नाही. आणि मग मी ते केलं, जे पोलीस पाटीलच करू शकतो. कुठलीही वस्तू जप्त केली की तिच्यावर चिठ्ठी लागते: कोणाची, कुठून, कोणत्या दिवशी. माझ्या मनात आलं, चिठ्ठी काय, कोणी बदलून टाकेल. पुराव्याची नोंद पुराव्यातच पाहिजे. म्हणजे कॅसेट लावली की आधी माझी नोंद ऐकू येईल आणि मग तो आवाज.

रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं नाही. कोणी वर रेकॉर्ड करू नये म्हणून कॅसेटच्या मागची खाच तोडलेली होती. त्या काळात ज्याच्या घरी टेप होता त्याला यावरचा उपाय ठाऊक होता. मी वर्तमानपत्राचा बोळा करून त्या खाचेत घट्ट बसवला. बटण दबलं. कॅसेट सुरुवातीला आणून, घसा साफ करून, मी दीड-दोन मिनिटं बोललो. अर्धवट काम मला आवडत नाही, म्हणून कॅसेट उलटवली आणि दुसऱ्या बाजूलाही तेच बोललो.

चौकीत साहेबांनी अर्धं मिनिट ऐकलं. एका तरुण शिपायाला बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, "साहेब, हे काँप्युटरचंच आहे. आमच्या कॉलेजात होते जुने, त्यांचं सगळं असंच कॅसेटवर राहायचं." साहेबांनी कॅसेट माझ्या हातात ठेवली. "पाटील, जिथून आणली तिथे ठेवून या. आणि माफी मागा त्या बाईची." मी पहिलं केलं. बाई बाजाराला गेल्या होत्या, तेव्हा बोळा काढून कॅसेट त्याच रुमालावर ठेवली. दुसरं केलं नाही. कोणाला कळणार होतं?

आत काय चालत होतं ते मला नंतर कळलं. ते यंत्र चालू केलं की पडद्यावर नुसता एक चौकोन लुकलुकत राहायचा. सांगितल्याशिवाय ते काहीच करत नसे, आणि लाईन गेली की शिकवलेलं सारं विसरत असे. ज्याला आपण दोष म्हणू, तोच बाईंना गुण वाटे. "नवीन मशीनमधी कोनी तरी आधीच सगळं भरून ठेवलं राहते," त्या म्हणत. "हे कोरं आहे. याले जे येते ते आपनच शिकवलं. म्हनून ते चुकलं तं काऊन चुकलं, हे आपल्याले शोधता येते." मशीननं उत्तर दिलं की त्या बायांना लगेच मानू देत नसत. आधी बोटांवर करून पाहायचं. "मशीन म्हनते म्हनून मानाचं नाही. मी म्हनतो म्हनूनही मानाचं नाही. कायले, ते विचारा."

त्या मशीनला मराठी येत नव्हती. नुसती इंग्रजी अक्षरं. बाया म्हणाल्या, हे आपल्या कामाचं नाही. बाई म्हणाल्या, "त्याले मराठी येत नाही, तुमाले इंग्रजी येत नाही. दोघातून शिकाची हिंमत कोनात आहे?" मग ठरलं, मशीनलाच मराठी शिकवायची. आठ घरं आडवी, आठ उभी. त्यात अक्षर बसवायचं, जशी ठिपक्यांची रांगोळी बसवतात. काळ्या घरांचा एक, दोन, चार, आठ असा दुपटीचा हिशेब करून प्रत्येक ओळीचा एक आकडा काढायचा. असे आठ आकडे म्हणजे एक अक्षर. मी खिशात घेऊन फिरत होतो ते पान कोणाच्या तरी अक्षराचं होतं. ज्याच्या नावाचं अक्षर, त्यानं ते काढायचं. उरलेली वाटून घ्यायची. दुसरीतल्या पोरीपासून सत्तरीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांनी मिळून जवळजवळ वर्षभरात पूर्ण बाराखडीची अक्षरं केली, आणि प्रत्येक अक्षराखाली काढणाऱ्याचं नाव. खिडक्या बंद असायच्या, कारण उजेडात टीव्हीवरचं दिसत नसे. आणि लाईन जाण्याआधी सगळं उतरवून ठेवायला होती ती एक कॅसेट. नीट उतरलं का, हे बाई वायर काढून ऐकून पाहत; तीच ती किर्रकिर्र. एका बाजूला प्रत, दुसऱ्या बाजूला त्याच प्रतीची प्रत. बाराखडी पुरी झाल्यावर मागची खाच बाईंनी स्वतः तोडली आणि सव्वीस जानेवारीपर्यंत ती कॅसेट लावायची नाही, असं ठरवलं होतं.

पंचायतीनं बाईंना सांगितलं होतं, सव्वीस जानेवारीला गावासमोर दाखवा, पटलं तर मशीनसाठी समाजमंदिराची खोली देऊ. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या वर्गात टीव्ही मांडला. गाव दारा-खिडक्यांत लोंबकळलेलं. पुढे पोत्यावर बसलेल्या बायांत मी माझी आई पाहिली. नवं लुगडं नेसून आली होती. मला वाटलं, इतरांसारखी बघायला आली असेल.

बाईंनी टेपरेकॉर्डर जोडला, कॅसेट लावली. पडदा तसाच. मागे घेऊन पुन्हा लावली. पडदा तसाच. उलटवली. लोक चुळबुळू लागले. कोणी तरी मागून बोललं, "बाई, सनीमा कधी चालू होते जी?"

"कायले नाही चढून राहिलं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी टेपरेकॉर्डरला लावलेली वायर ओढून काढली. वायर काढली की कॅसेटवरचं सगळ्यांना ऐकू येतं. त्यांना ऐकून तपासायचं होतं.

"मी, तेजराम हरिचंद पटले, पोलीस पाटील, मौजा खैरटोला, असे लिहून देतो की, सदर कॅसेट ही संशयित महिला नामे विमला येळे हिच्या राहत्या घरातून..."

लिहून देतो, असंच म्हणालो होतो. आधी लोक हसले. मग कोणी तरी म्हणालं, "हा तं पाटलाचा आवाज होय." मग हसणं थांबलं. बाईंनी ते बंद केलं नाही. माझं पूर्ण बोलणं त्यांनी गावाला ऐकवलं, नाही, स्वतः ऐकलं. एक्सचेंजमध्ये ऐकत असतील तसं, मान तिरकी करून. कॅसेटवरचं माझं बोलणं संपलं आणि किर्रकिर्र सुरू झाली, तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

"सुरुवात गेली," त्या बायांना म्हणाल्या. "सुरुवात नाही ऐकली तं मशीन पुढचं मानत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "खाच तोडून ठेवली होती मी, पाटील."

"कागद भरला," मी म्हणालो. तिथे मी बोललेलं ते एकच वाक्य.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती टीव्हीकडे पाहत होती. तिला वाटत होतं, अजून येईल.

'भ' तिचा होता. भागरता पटले. जन्मभर अंगठा लावणारी माझी आई शेवंताच्या घरच्या चिंचांच्या नावाखाली वर्षभर तिथे जात होती. मला का सांगितलं नाहीस, असं मी तिला संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "तुले कायले सांगू? तू लिहून घेतलं असतं रजिस्टरात."

आठवड्यानं मी बाईंकडे गेलो. खिडक्या उघड्या होत्या. घरात बाई एकट्याच होत्या. मी दारातूनच म्हणालो, "बाई, चूक झाली."

"परत सांगा. काय झालं?"

"चूक झाली, बाई."

"कोनती?"

"तुमच्यावर संशय घेतला."

"चूक. परत सांगा."

त्या म्हणाल्या, "संशय मीही घेतला होता. तुमचा कागद मागितला होता ना? आनि कागद खरा निघाला, तवा मानलं. मंग तुमचं काय चुकलं?"

"तपासलं नाही. तुमाले विचारलं नाही."

"अजून."

"घरात शिरलो."

"अजून."

"कॅसेट चोरली. त्यावर बोललो. परत ठेवली आनि सांगितलं नाही."

बाईंनी सारं ओळीनं म्हणून दाखवलं. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. "बरोबर?"

"हो."

"बसा मंग. चहा ठेवतो."

बाकीच्यांची अक्षरं वह्यांतून पुन्हा करता आली. दोन महिने लागले. आईचं अक्षर वहीत नव्हतं. तिनं ते आमच्याच अंगणात पिठानं घातलं होतं. मी शेतावर गेलेलो असताना बाईंनी तिथेच बसून घरं मोजली होती आणि सरळ मशीनला सांगितली होती. आईला पुन्हा काढ म्हटलं तर ती म्हणाली, "माझं काढून झालं." बाईंनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. बाराखडीत एक घर रिकामं राहिलं.

ते मी भरलं. त्यासाठी सदतिसाव्या वर्षी पोरींच्या रांगेत बसून दुपटीचा हिशेब शिकलो. माझा 'भ' तीनदा चुकला, दर वेळी बाई विचारत, "काऊन चुकला?" आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ देत नसत. चौथ्यांदा जमला. खाली मी आईचं नाव टाकायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. "तुमचं नाव टाका. तिच्या नावावर तुमचं अक्षर चालवू नका. उद्या कोनी पाह्यलं तं त्याले वाटल, भागरताबाईनं काढलं." म्हणून आजही त्या बाराखडीत 'भ'च्या खाली तेजराम आहे. ज्यांना ठाऊक नाही, ते चूक समजतात.

बाराखडी गावाला पुन्हा दाखवल्यावर समाजमंदिराची खोली मिळाली. पुढची दहा-बारा वर्षं ती चार यंत्रं तिथे चालली. एक बिघडलं की त्याचे भाग दुसऱ्यात जात. मध्ये शाळेत नवे काँप्युटर आले आणि बरेच दिवस फुलांच्या कापडी खोळांत कुलुपामागे राहिले. बाई खिडकीतून ते बघून आल्या आणि म्हणाल्या, "त्यांनाही एकदा कोनी तरी विचारलं पाहिजे, कायले आले म्हनून." आई पुन्हा कधी आली नाही. पण मी निघालो की विचारायची, "किती जणी येतात रे आता?" दोन हजार सातच्या पावसाळ्याच्या आधी ती गेली.

त्यानंतर मी बाईंना एकदा विचारलं होतं, त्या जुन्या कॅसेटवर आईचं अक्षर किती वेळाचं असेल. त्यांनी कागदावर आकडेमोड केली. "दीड सेकंद. तुमचं बोलनं संपल्यावर मिनिटभरानं. अंदाज आहे, पाटील. खरं समजू नका."

दोन हजार चौदा साली येळेबाई गोंदियाला दवाखान्यात वारल्या. महिन्याभरानं त्यांची पुतणी आली आणि एक पुठ्ठ्याचा डबा देऊन गेली. वर माझं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आत तोच रुमाल आणि तीच कॅसेट. मला वाटत होतं, त्यांनी ती केव्हाच टाकली असेल. मागच्या खाचेच्या कडा त्यांनी ब्लेडनं कापून रुंद केल्या होत्या, बोळा बसू नये म्हणून. माझ्यावरचा एवढा संशय त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. चिठ्ठीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'अ ते ज्ञ. मूळ प्रत. सुरुवातीला पाटील बोलतात. नंतर ऐका.'

मी पोलीस पाटीलकी केव्हाच सोडली आहे. टेप मात्र जपून ठेवला आहे. कधी दुपारी खिडक्या लावून घेतो आणि ती कॅसेट लावतो. आधी तो छत्तीस वर्षांचा माणूस बोलतो, घसा साफ करून, मोठ्या तोऱ्यात, संशयित महिला नामे. त्याला मला पुढे ढकलता येतं, पण ढकलत नाही, पूर्ण ऐकतो. मग किर्रकिर्र सुरू होते. मी घड्याळ हातात धरून बसतो. मिनिट भरत आलं की टेपला कान लावतो. त्या आवाजात कुठे तरी अंगणात पिठानं घातलेला माझ्या आईचा 'भ' आहे. दीड सेकंद. तो येतो आणि जातो. मला ऐकू येतो, दिसत नाही. हाच का, की आत्ता गेला तो, हे सांगायला आता कोणी नाही.

मी कॅसेट मागे घेतो आणि परत ऐकतो.